शेपट्याचं उत्तर आलं नाही

बाई अकराला येणार होत्या. कप्तानांनी सकाळी आठपासून बैठकीतल्या दोन खुर्च्या चार वेळा हलवल्या. समोरासमोर ठेवल्या की पोलिसांची चौकशी वाटायची. शेजारी शेजारी ठेवल्या की दवाखान्याबाहेर नंबर लावून बसल्यासारखं वाटायचं. शेवटी एक टेबलाच्या कडेला आणि एक खिडकीपाशी अशी तिरकी लावली. मग खिडकीपाशी आलेली खुर्ची बायकोची आहे हे लक्षात आलं आणि त्यांनी पुन्हा अदलाबदल केली. बायकोला जाऊन चार महिने झाले होते.

"बाबा, त्या खुर्च्यांना जरा बसू द्या," मुलगी फरशी पुसता पुसता म्हणाली. "सकाळपासून तुमच्यापेक्षा त्याच जास्त चालल्यात."

मुलगी दर रविवारी येऊन घर आवरून जायची. आज लवकर आली होती, कारण बावन्न वर्षांपूर्वी वडिलांच्या विमानात गेलेल्या पोराची बहीण येणार आहे हे तिला माहीत होतं, आणि वडिलांचा काही भरवसा वाटत नव्हता.

"काय सांगणार आहात त्यांना?"

"बघू."

"बघू नाही. तुम्ही पत्रात लिहिलंय तेच सांगा. शत्रूची गोळी लागली, लगेच गेला, त्रास झाला नाही. बावन्न वर्षं त्या बाईंनी तेच धरून ठेवलंय. आता सत्तरीला टेकलेल्या बाईच्या हातून ते काढून घेऊन तुम्हाला काय मिळणार?"

"तुझी आई उलट सांगायची."

"आई तुमची काळजी करायची. मी त्या बाईंची करतेय." तिने फडकं पिळलं. "आणि थोडी तुमचीही. रक्तदाबाची गोळी घेतलीत का?"

घेतली नव्हती. त्यांनी मुकाट्याने घेतली. मुलगी दहाला निघून गेली आणि घरात खुर्च्या आणि कप्तान एवढेच उरले.

सगळी इमारत त्यांना कप्तान म्हणत असली, तरी त्यांचा एकतीस वर्षांचा धंदा लिफ्ट तपासण्याचा. सरकारी कार्यालयाकडून ते इमारतींमध्ये जायचे, दोर बघायचे, ब्रेक बघायचे, आणि लिफ्टमध्ये लावायच्या कागदावर सही करायचे. "बावीस हजार फुटांवरून सहाव्या मजल्यावर आलो," असं ते लोकांना हसत सांगायचे. पण त्याआधी, चोविसाव्या वर्षी, युद्धात ते बॉम्बफेकी विमान चालवत होते. चार इंजिनं, सात माणसं, तीस उड्डाणं. त्या तीस उड्डाणांत खाली कोण कोण मेलं हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. वरून फक्त धूर दिसायचा, तोही मागे पडायचा. त्याबद्दल त्यांना काहीच वाटत नव्हतं असं नाही. पण धुराला चेहरा नसतो, आणि चेहरा नसलेल्या गोष्टीबद्दल माणूस किती दिवस मनाला लावून घेणार? त्यांच्या मनात बसला होता तो एकच माणूस, आणि तो त्यांच्याच विमानातला होता.

त्याला शेपट्या म्हणायचे, कारण तो विमानाच्या अगदी शेपटात, काचेच्या घुमटात, मागे तोंड करून मशीनगन धरून बसायचा. वीस वर्षांचा पोरगा. बाकीचे सहा जण पुढे, थोडे तरी एकमेकांजवळ. शेपट्या एकटा, सगळ्यांपासून लांब. कानातल्या तारेवरून येणारे आवाज एवढीच त्याची सोबत.

एवढ्या उंचीवर हवा इतकी विरळ की प्रत्येकाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असायचा. थंडी उणे चाळीस. मास्कच्या नळीत श्वासाचं पाणी साचून कधी कधी गोठायचं आणि ऑक्सिजन बंद व्हायचा. यातली वाईट गोष्ट म्हणजे माणसाला ते कळत नाही. गुदमरत नाही, दुखत नाही. उलट मजेत वाटतं, मग झोप येते, आणि झोपेतच संपतो. म्हणून नियम होता. वैमानिकाने दर दहा मिनिटांनी हजेरी घ्यायची. एकेकाला हाक मारायची आणि त्याने "ठीक" म्हणायचं. कुणाचं उत्तर आलं नाही, तर क्षणाचाही विचार न करता ऑक्सिजनचा लहान सिलिंडर हातात देऊन माणूस पाठवायचा.

शेपट्याने कधी नुसतं "ठीक" म्हटलं नाही. "शेपूट गोठलंय, शेकायला आणा." "शेपूट जागं आहे, डोकं जागं आहे का?" एकदा नेव्हिगेटरचा रस्ता चुकला तेव्हा म्हणाला, "मला विचारा. आपण कुठून आलो ते मला पक्कं दिसतंय. कुठे चाललोय ते तुमचं तुम्ही बघा." सगळं विमान हसलं. कप्तानही हसले. एवढ्या भीतीत हसवणारा माणूस बरोबर असणं ही मोठी गोष्ट होती, आणि कप्तानांना ती कळत होती.

सतराव्या उड्डाणात मात्र त्यांचा तोल गेला. भर दुपार, निरभ्र आकाश. शेपट्या हजेरीनंतरही तारेवर बडबडत राहिला. पावट्याचं सूप आणि स्वयंपाक्याचे मोजे असं काहीतरी चाललं होतं. त्याच वेळी पुढच्या माणसाला शत्रूची दोन विमानं दिसली, आणि तारेवर जागा नसल्याने त्याला ते सांगता येईना. तीन-चार सेकंदच गेले असतील. ती विमानं वळून दुसरीकडे गेलीसुद्धा. पण कप्तान जाम घाबरले होते, आणि ती सगळी भीती त्या पोरावर निघाली.

"शेपट्या, तोंड बंद! आजपासून विचारल्याशिवाय एक शब्द नको. आणि विचारलं की एकच शब्द. कळलं?"

मग पुढच्या हजेरीला शेपट्याचं उत्तर आलं. "ठीक." कोरडं, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखं.

त्याच्या पुढच्या हजेरीला उत्तर आलं नाही.

कप्तानांनी दोनदा हाक मारली. आणि त्यांच्या मनात आलं, रुसलाय. रुसू दे. परत जमिनीवर उतरलो की बघतो त्याच्याकडे.

बावन्न वर्षं ते त्या विचारापाशी येऊन थांबायचे. बॉम्ब टाकायला तेव्हा अजून वीस मिनिटं होती. माणूस पाठवायला हात मोकळे होते. नियम तोंडपाठ होता. फक्त राग होता, आणि रागावलेल्या माणसाला समोरचाही रागावलाच असणार असं वाटतं.

दहा मिनिटांनी पुन्हा उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी रेडिओवाल्याला पाठवलं. तारेवर रेडिओवाल्याचा आवाज आला तो असा, की नंतर कुणी काही विचारलं नाही.

उतरल्यावर त्यांनी स्क्वाड्रनच्या साहेबांना होतं तसं सांगितलं. साहेब थकलेले होते. त्या दिवशी दोन विमानं परत आली नव्हती. ते म्हणाले, "त्याच्या आईला काय लिहिणार? नळी गोठली? वैमानिक चिडला होता? शत्रूच्या गोळीने गेला असं लिहा. तिला अभिमान तरी वाटेल. आणि परवा तुम्हाला उडायचं आहे, त्यामुळे हे आता इथेच ठेवा."

कप्तानांनी तसं लिहिलं. पाच ओळी. गोळी लागली, आपल्या जागी लढत गेला, तत्काळ मृत्यू आला. खाली सही केली. मग अजून तेरा वेळा उडाले.

युद्धानंतर लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या बायकोला त्यांनी आधी हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आता त्याच्या घरच्यांना सांगा." त्यानंतरही ती सांगत राहिली. रागाने नाही, भांडून नाही. भाजी आणायची आठवण करावी तशी, वर्षातून दोन-तीनदा. "अहो, ते राहिलंय हं." पत्ता त्यांच्याकडे होता. दर वेळी ते म्हणायचे, त्या माउलीला आता कशाला दुखवायचं.

घरात मात्र त्यांनी एक सवय लावून घेतली होती, आणि बायकोलाही ती लागली. हाक मारली की उत्तर आलंच पाहिजे. इतर नवरा-बायको भांडून दोन-दोन दिवस अबोला धरायचे. ह्यांच्या घरी ते चालायचं नाही. ती कितीही चिडलेली असली तरी आतून ओरडायची, "आहे हो, जिवंत आहे! पण बोलणार नाहीये!" शेजारी हसायचे. शेजाऱ्यांना कारण माहीत नव्हतं.

अकराला पाच मिनिटं असताना दारावर टकटक झाली.

बाई बारीक, ताठ, आखूड केसांच्या. खांद्याला कापडी पिशवी. त्यांना धाप लागली होती.

"लिफ्ट बंद आहे तुमची."

"हो. दोन आठवडे झाले. तक्रार केलीय." कप्तान ओशाळले. "लिफ्ट तपासण्यातच माझी सगळी नोकरी झाली."

"मग घरच्या लिफ्टवर सूड उगवलात की काय?"

त्या आवाजाने कप्तान दारातच थिजले. शब्द वेगळे होते, पण बोलण्याची ढब तीच. गंभीर चेहऱ्याने चिमटा काढायचा आणि समोरचा हसतोय का याची वाटही बघायची नाही. त्यांनी बाईंना टेबलाजवळच्या खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. बाईंनी अर्धा पेला पिऊन बाजूला ठेवला.

"मी जास्त वेळ घेणार नाही. वैमानिकांच्या संघटनेतून तुमचा पत्ता मिळाला. माझा भाऊ गेला तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आमची आई गेल्या वर्षी गेली. चौऱ्याण्णव वर्षांची होऊन. तिची कपाटं आवरताना तुमचं पत्र सापडलं, म्हणून आले." त्यांनी पिशवीला हात लावला, पण पत्र बाहेर काढलं नाही. "मला एकच विचारायचंय. गोळी चेहऱ्याला लागली होती का?"

बाकी सगळ्या प्रश्नांची तयारी कप्तानांनी केली होती. ह्याची नव्हती.

"नाही," ते म्हणाले. आणि हे खरंच होतं.

बाईंनी डोळे मिटले आणि खूप मोठा श्वास सोडला. "नाही ना? नक्की?"

"नक्की. असं का वाटलं तुम्हाला?"

"मला नाही, आईला. शवपेटी घरी आली ती स्क्रू पिळून, वर मोहर लावून. आई म्हणाली, एकदा बघू द्या. अधिकारी म्हणाला, परवानगी नाही. आमचा थोरला दादा घरातून स्क्रूड्रायव्हर घेऊन आला, तर दोन शिपायांनी त्याला धरून बाजूला केलं. तेव्हाच आईने ठरवलं, चेहरा उरलेला नाही, म्हणून दाखवत नाहीत." बाई सरळ समोर बघत बोलत होत्या. "त्यानंतर तिला त्याचा चेहरा आठवायचाच नाही. फोटो समोर धरला तरी म्हणायची, हा नाही. डोळे मिटले की मला तिथे नुसतं भोक दिसतं, असं म्हणायची. शेवटच्या आजारपणातही तेच."

पेट्या सगळ्यांच्याच बंद करून पाठवायचे, तसा हुकूमच होता. एवढी साधी गोष्ट त्या आईला कुणी सांगितली नव्हती. त्यांनीही नाही.

"मग कुठे लागली?" बाईंनी विचारलं. "छातीत?"

हो म्हणायचं होतं. बस. एक शब्द, आणि ही बाई समाधानाने जिने उतरून गेली असती. मुलीने सांगितलेलं पार पडलं असतं. कप्तानांनी तोंड उघडलं, आणि जे आलं ते वेगळंच आलं.

"गोळी लागलीच नव्हती."

बाईंनी पिशवीवरचा हात काढून घेतला.

कप्तानांनी सांगायला सुरुवात केली. उंची, थंडी, मास्क, नळी. "एवढ्या उंचीवर ऑक्सिजन कमी पडला की—"

"मी छत्तीस वर्षं वॉर्डात नर्स होते," बाई म्हणाल्या. "ऑक्सिजन मला शिकवू नका. काय झालं ते सांगा."

त्यांनी सांगितलं. हजेरी, बडबड, स्वतःचं ओरडणं. एक "ठीक." मग काही नाही. रुसलाय, रुसू दे. हे वाक्यही त्यांनी तसंच्या तसं सांगितलं, गाळलं नाही. साहेबांचं सांगितलं, पण हेही म्हणाले की हात माझाच होता, सही माझीच.

बाईंनी वॉर्डात विचारावेत तसे प्रश्न विचारले. "दोन हजेऱ्यांत किती वेळ?"

"दहा मिनिटं."

"उत्तर न आलेल्या पहिल्या वेळी माणूस पाठवला असता तर?"

"कदाचित..."

"कदाचित नको."

"वाचला असता असं मी धरून चालतो."

"तुम्ही धरून चाला. नळी जर आधीच गोठली असेल, तर तेव्हाही उशीरच झाला असता." त्यांनी टेबलावरचा पेला थोडा दूर सारला. "हे मी तुमच्या समाधानासाठी म्हणत नाहीये. जे माहीत नाही ते माहीत नाही, एवढंच."

"हो."

"दिसत कसा होता?"

"तसाच. ओठ निळे पडले होते. पापण्यांवर बर्फाची पूड होती. रेडिओवाल्याने आधी खांदा हलवला, त्याला वाटलं झोप लागलीय. उतरल्यावर मी स्वतः त्याचा मास्क काढला. चेहऱ्यावर ओरखडाही नव्हता."

बाईंचे हात मांडीवर होते. त्यांनी ते एकमेकांत घट्ट अडकवले.

"शेवटचं काय बोलला?"

"ठीक."

"नुसतं ठीक?"

"मीच सांगितलं होतं. एकच शब्द म्हणून."

"त्याला गप्प बसवायला आई हरली, बाबा हरले, शाळेतले सगळे मास्तर हरले," बाई म्हणाल्या. "तुम्ही एकटे जिंकलात."

कप्तानांनी मान खाली घातली नाही. तेवढं तरी करायचं असं त्यांनी ठरवलं होतं.

"आईला हे कळवायला हवं होतं हो." बाईंचा आवाज आता पहिल्यांदा फाटला. "ती चिडली असती. तुम्हाला शिव्या दिल्या असत्या, इथे येऊन दार बडवलं असतं. पण डोळे मिटल्यावर तिला तो झोपलेला दिसला असता. बावन्न वर्षं! दोन वर्षांपूर्वी जरी सांगितलं असतंत तरी. तुम्ही काय, तिला दुःखातून वाचवत होतात?"

"तेव्हा तसं वाटायचं."

"आणि नंतर?"

कप्तानांनी हे स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. बायकोने मात्र विचारलं असणार, तिच्या मनातल्या मनात, दर वेळी.

"नंतर मी मलाच वाचवत होतो," ते म्हणाले. "माझी बायको सांगायची, सांगून टाका. चार महिन्यांपूर्वी ती गेली."

"तिचं ऐकायला हवं होतं."

"बाकी सगळ्यात ऐकलं. ह्यात नाही ऐकलं."

बाई उठल्या. रडल्या नव्हत्या, नाक मात्र लाल झालं होतं. चहा विचारायचा राहिला हे कप्तानांच्या लक्षात आलं, आणि आता विचारणं बरं दिसणार नाही हेही. त्या दाराकडे निघाल्या तसे तेही चपला घालून मागे निघाले.

"तुम्ही कुठे?"

"बसथांब्यापर्यंत येतो."

"नको."

"जिन्यात दिवा नाही. मी पुढे होतो."

जिने उतरताना कप्तान एकेक पायरी पुढे, कठड्याला धरून. बाई दोन पायऱ्या मागे. रस्त्यावर रविवारचा सुस्तपणा होता. न्हाव्याच्या दुकानाबाहेर दोघं पेपर वाचत बसले होते, समोरच्या गॅरेजचं शटर खाली होतं. थांब्यावर बाक होता, पण दोघंही उभेच राहिले.

कप्तानांना वाटत होतं की आपल्याला हलकं वाटेल. बायको नेहमी म्हणायची, एकदा बोललात की हलकं वाटेल. तसं काही वाटत नव्हतं. उलट, आजवर एक मेलेला पोरगा मनात होता, आता त्याच्याजवळ अंथरुणावर पडलेली एक म्हातारी आली होती, जिला आपल्या मुलाचा चेहरा आठवत नव्हता. तिचं आता काहीच करता येणार नव्हतं. तिची माफी मागायलाही ती उरली नव्हती. पण हे त्यांना माहीत नसतं तर बरं झालं असतं, असंही त्यांना म्हणवेना.

"मी तुम्हाला माफ बिफ केलेलं नाही," बाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "मला अजून कळत नाहीये मला काय वाटतंय ते. घरी जाऊन बघेन."

"बरोबर आहे."

"पण दादा आहे अजून. शहात्तर वर्षांचा आहे. तो स्क्रूड्रायव्हर त्याने अजून टाकलेला नाही. त्या दिवशी शिपायांना ढकलून पेटी उघडायला हवी होती, आपण कमी पडलो, असं तो आजही म्हणतो." त्यांनी पिशवीचा बंद खांद्यावर नीट केला. "मी त्याला सांगू शकते. पण ते मी सांगण्यात अर्थ नाही."

"मी येतो."

"तो माझ्यासारखा ऐकून घेणार नाही. अंगावर येईल."

"येऊ दे."

"आणि त्याला ऐकू कमी येतं. कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. भिंती पातळ आहेत, वरचे-खालचे सगळे ऐकतील."

कप्तानांनी क्षणभर विचार केला. ती गोष्ट त्यांनी आयुष्यात तीनदा सांगितली होती. एकदा साहेबांना, एकदा बायकोला, एकदा आज. तिन्ही वेळा खालच्या आवाजात. मुलीला कळली तीही आईकडून.

"ऐकू देत," ते म्हणाले.

लांबून बस येताना दिसली. बाईंनी पिशवीतून पेन काढलं, कागद शोधला, मिळाला नाही. मग त्यांनी कप्तानांचा हात उलटा करून, नाडी बघायला धरावा तसा घट्ट धरला, आणि तळहातावर पत्ता लिहिला. पेन सुरकुत्यांत अडकत होतं, त्यामुळे घराचा आकडा दोनदा गिरवावा लागला.

"बुधवारी. चारच्या आत या, चारनंतर तो झोपतो."

"कोणत्या बसने यायचं?"

"हीच," बाई म्हणाल्या आणि चढल्या.